गुलाबी रंगाची दहा मिनिटं

सकाळी सात ते साडेनऊ आमच्या लॅबमध्ये उपाशीपोटी आलेल्यांची रांग असते. लाल टोपणाच्या नळीत घेतलेलं रक्त अर्धा तास तसंच उभं ठेवायचं, गोठलं की सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं फिरवायचं. गुठळी खाली बसते, वर येतं पिवळसर, नितळ सीरम. एखाद्याचं ताकासारखं पांढरट निघतं. त्याचे ट्रायग्लिसराइड्स चढलेले आहेत हे मशीनने सांगायच्या आधीच डोळ्यांना कळतं.

एक मिलिलिटर रीएजंटमध्ये दहा मायक्रोलिटर सीरम सोडते आणि नळी ३७ अंशांवर ठेवते. दहा मिनिटांत गुलाबी रंग चढतो. इतकी वर्षं झाली, तरी तो चढताना बघायला मी थांबतेच. रीएजंटमधलं एक एन्झाइम कोलेस्टेरॉल सुटं करतं, दुसरं त्याचं ऑक्सिडेशन करतं. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि तिसरं एन्झाइम ते वापरून रंग घडवतं. जितकं कोलेस्टेरॉल जास्त तितका रंग गडद.

शिकत असताना सरांनी एकाच सीरमच्या दोन नळ्या लावल्या होत्या. एकीत व्हिटॅमिन सीच्या पाण्याचे थेंब टाकले. पहिली गुलाबी झाली, दुसरी फिकटच राहिली. व्हिटॅमिन सीने पेरॉक्साइड मधल्या मध्ये संपवलं होतं. "कोलेस्टेरॉल होतं तेवढंच आहे, फक्त तुम्हाला दिसेनासं झालंय," सर म्हणाले.

ती फिकट नळी मला काउंटरवर वरचेवर आठवते.

मध्यंतरी एक मावशी आल्या. डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी त्यांनी आपल्या मनाने बंद केली होती आणि व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल सुरू केल्या होत्या. "अगं, कोलेस्टेरॉल वाईट नसतं, ते खराब होतं म्हणून त्रास. ह्याने ते खराबच होत नाही," त्या मला समजावत होत्या.

त्यांचं अर्धं म्हणणं खरं होतं. डब्यातलं खोबरं हवेने खवट होतं, तसे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण रक्तवाहिनीच्या भिंतीत अडकून पडले की ऑक्सिडेशनने बिघडतात. चांगला कण भिंतीतल्या भक्षक पेशी फारसा उचलत नाहीत. बिघडलेला मात्र गिळत सुटतात, चरबीने फुगतात आणि तिथेच थर धरू लागतो. ब्राउन आणि गोल्डस्टाइन या जोडीने १९७९मध्ये रासायनिक बदल केलेलं एलडीएल वापरून पेशींची ही खोड दाखवली होती. शरीराचा बंदोबस्तही आहे: एलडीएलचा कण व्हिटॅमिन ई स्वतःबरोबरच घेऊन फिरतो आणि एचडीएलवर, म्हणजे 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणतात त्या कणांवर, पॅराऑक्सोनेज नावाचं राखण करणारं एन्झाइम असतं.

मग कॅप्सूलने ही राखण वाढायला हवी की नाही? ब्रिटनमध्ये २०,५३६ माणसांवर पाच वर्षं हे तपासून पाहिलं, निकाल २००२मध्ये आला. रोज ६०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन ई, २५० मिलिग्रॅम सी आणि २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन. रक्तातली व्हिटॅमिन्स वाढली, पण हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. त्याच अभ्यासात सिम्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाच्या रोजच्या ४० मिलिग्रॅमने हार्ट अटॅक आणि पक्षाघातासारखे प्रसंग सुमारे पाव हिश्शाने घटले. भिंतीत शिरणारे कणच कमी झाले, तर खवट व्हायला उरणार काय?

मावशींचं एलडीएल १७२ आलं. आम्ही छापतो तो आकडा किती कण फिरताहेत याचा अंदाज देतो, त्यातले किती बिघडलेत हे नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये कळत नाही. म्हणून तर आहे तो आकडा हलका घेऊ नये. "मावशी, हा कागद घेऊन आजच डॉक्टरांकडे जा, आणि गोळी बंद केलीय हे त्यांना सांगा," एवढं मी म्हणाले. बाकीचं सांगायचं काम डॉक्टरांचं.

तुम्हीही रक्त द्यायला याल तेव्हा चालू असलेलं प्रत्येक औषध सांगा. व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि सलाइनमधून घेतलेलं व्हिटॅमिन सीसुद्धा.