‘स्पॉइल’चे कूळ

आजीने नातवाच्या हाती आणखी एक लाडू ठेवला, की सूनबाई हळूच म्हणते, “आई, त्याला इतकं स्पॉइल करू नका.” दूध नासले, सहलीचा बेत फसला, तरी हेच क्रियापद धावून येते. इतक्या घरगुती झालेल्या या शब्दाचे कूळ मात्र रणांगणावरचे आहे.

लॅटिन भाषेत ‘स्पोलियम’ म्हणजे जनावराच्या अंगावरून सोलून काढलेले कातडे. पडलेल्या शत्रूच्या देहावरून उतरवलेली शस्त्रे आणि चिलखत यांनाही तेच नाव मिळाले. रोमन सेनापतीने शत्रूच्या सेनापतीला स्वहस्ते मारून त्याची शस्त्रे आणली, तर ती कॅपिटोलिन टेकडीवरील ज्युपिटरच्या मंदिरात अर्पण होत. परंपरेनुसार हा मान तिघांनाच लाभला. त्यांतील शेवटचा मार्सेलस, इ. स. पू. २२२ मध्ये.

फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला तो अंगावरचे ओरबाडणे, लुटणे याच अर्थाने. मराठीतील ‘नागवणे’ त्याचा सख्खा भाऊच म्हणावा; तेथेही उघडे करण्यातून लुबाडण्याचा अर्थ निघाला. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये इजिप्त सोडून निघालेले इस्राएली लोक इजिप्तवासीयांना ‘स्पॉइल’ करतात, तेव्हा आजचा वाचक थबकतो. तेथे कोणाचेही लाड झालेले नाहीत. शेजाऱ्यांकडून सोन्याचांदीचे दागिने आणि वस्त्रे मागून घेऊन त्यांना नागवले, एवढाच त्याचा अर्थ.

‘खराब करणे’ हा अर्थ १६व्या शतकात रूढ झाला. लुटीमागून नासधूस येतेच. दुवा बहुधा तोच. १७व्या शतकात नासलेले अन्न आणि लाडावलेले मूलही त्याच शब्दाखाली आले. मराठीने येथे अधिक बारकावा राखला आहे. दूध नासते, यंत्र बिघडते, मूल लाडावते. आणि ‘लाडावणे’मध्ये निदान लाड तरी शाबूत आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी मात्र हिरावून घेणेच आहे.

‘स्पॉइल्स’ या अनेकवचनात जुनी लूट अजून जिवंत आहे. १८३२ मध्ये अमेरिकी सिनेटर विल्यम मार्सी यांनी विजेत्याचा लुटीवरील हक्क बोलून दाखवला, आणि सरकारी नोकऱ्या आपल्या पक्षातील माणसांना वाटण्याच्या रीतीला ‘स्पॉइल्स सिस्टिम’ हे नाव चिकटले. रोजच्या बोलण्यात लुटीसाठी इंग्रजांच्या तोंडी आज दुसराच एक शब्द अधिक असतो. तो १८व्या शतकाच्या अखेरीस भारतातून तिकडे गेला : ‘लूट’.