संगणकाचे श्रमदान

गावाचा बांध घालावयाचा असला, की घरटी एक माणूस येतो आणि जमेल तेवढी माती वाहतो. विज्ञानाच्या क्षेत्रातही असेच श्रमदान चालते. मात्र तेथे राबतो तो घरचा संगणक.

संगणक चालू असतानाही त्याची पुष्कळशी शक्ती वापरली जात नाही. उलट, शास्त्रज्ञांपुढे आकडेमोडीचे डोंगर उभे असतात. म्हणून ते या कामाचे लहान लहान वाटे करून इंटरनेटद्वारे घरोघरी पाठवितात. घरचा संगणक मोकळा असेल तेव्हा आपला वाटा सोडवितो व उत्तर परत धाडतो. चूक राहू नये म्हणून तोच वाटा निदान दोन घरी दिला जातो.

‘आइनस्टाइन अ‍ॅट होम’ हा असाच उपक्रम २००५ साली सुरू झाला. पोर्तो रिको बेटावरील अरेसिबो येथील रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या लहरी त्यात तपासल्या गेल्या. २०१० साली अमेरिकेतील एक दांपत्य आणि जर्मनीतील एक गृहस्थ यांच्या संगणकांनी त्या लहरींतून एक अज्ञात तारा हुडकून काढला. तो सेकंदाला सुमारे ४१ वेळा स्वतःभोवती फिरतो! फिरता फिरता ठरावीक वेळाने लहरींचे ठोके देणाऱ्या अशा ताऱ्याला ‘स्पंदक’ म्हणतात. या तिघांपैकी कोणीही खगोलशास्त्रज्ञ नव्हते.

मुलांनो, या दानाला विजेचा खर्च येतो; म्हणून ते वडीलधाऱ्यांना विचारूनच करावे. तथापि घरात निजलेली शक्ती अशी कामी लावली, तर ज्ञानाच्या थोर कार्यात सामान्य घरालाही आपला वाटा उचलता येतो.