राउटर जोडताना पाळावयाचा क्रम

घरात नवा राउटर आला की जोडणाऱ्यास आणि घरच्यांसही एकच उत्कंठा असते, ती त्यावरचे दिवे हिरवे केव्हा होतात याची. आणि या उतावळीपायी कारखान्यात दिलेले नाव व पासवर्ड जसेच्या तसे अंगावर वागवीत ते यंत्र साऱ्या जगाच्या रहदारीत उघडे पडते.

त्याचा परिणाम २०१६ साली दिसला. ‘मिराय’ नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम इंटरनेटवरील पत्ते एकामागून एक चाचपीत फिरे, आणि कॅमेरा वा राउटर आढळला की कारखान्यातल्या सुमारे ६० ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या त्यास लावून पाही. मालकांनी न बदललेले पासवर्ड, एवढेच त्याचे भांडवल. पण अशा अंकित केलेल्या यंत्रांच्या फौजेने २१ ऑक्टोबर रोजी संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी ‘डीएनएस’ सेवा पुरविणाऱ्या डाइन या कंपनीवर असा भडिमार केला की अमेरिकेत आणि युरोपात ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे असंख्य लोकांना कित्येक तास दुर्लभ झाली.

म्हणून माझा आग्रह क्रमाविषयी आहे. पेटीतलाच अ‍ॅडॉप्टर लावून राउटर सुरू करावा. बाहेरून येणारी इंटरनेटची वायर मात्र तूर्त बाजूस ठेवून, ‘लॅन’ लिहिलेल्या खाचेतून संगणक जोडावा आणि तळाच्या लेबलावरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये घालावा. हे पान राउटरच्याच पोटात असल्यामुळे इंटरनेटवाचूनही उघडते.

येथे दोन पासवर्डांचा भेद ध्यानी घेतला पाहिजे. वायफायचा पासवर्ड केवळ प्रवेश देतो. अ‍ॅडमिनचा पासवर्ड सारी मुखत्यारी देतो, आणि ती परक्याच्या हाती गेली तर डीएनएसची नोंद फिरवून, तुम्ही नाव बँकेचे टाइप केले तरी तुम्हांस भलत्याच पानावर नेण्याची तजवीज त्यास करता येते. आपल्याकडे कनेक्शन जोडणारा मुलगा ग्राहकाचा मोबाइल नंबरच वायफायला देऊन मोकळा होतो आणि अ‍ॅडमिनला कोणी हातही लावीत नाही, हे मला फार धोक्याचे वाटते.

दोन्ही पासवर्ड बदलल्यावर वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-३, निदान डब्ल्यूपीए-२ निवडावे आणि पासवर्डाऐवजी पिनने जोडणी करू देणारी डब्ल्यूपीएस ही सोय बंद करावी. तिचा पिन आठ अंकी खरा, परंतु शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरतो आणि तपासणी चार व तीन अशा दोन तुकड्यांत होते. त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो उलगडतो, हे २०११ मध्येच उघडकीस आले. बाहेरून कारभार चालविण्याची सोयही बंद असू द्यावी. मगच इंटरनेटची वायर जोडावी, आणि पहिले काम फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करण्याचे करावे.

फायबरचा डबा कंपनीनेच सज्ज करून आणला असेल तर हा क्रम आपल्या हाती राहत नाही. तेव्हा जोडणारा माणूस जाण्यापूर्वीच अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागून घ्यावा व त्याच्यादेखत बदलावा. ब्रिटनमध्ये सर्वांना एकच पासवर्ड घातलेली अशी यंत्रे विकण्यास २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने मनाई आहे, आणि सुरक्षेच्या सुधारणा निदान किती काळ मिळतील हे जाहीर करण्याचे बंधनही उत्पादकांवर आहे. तो दुसरा प्रश्न आपणही राउटर विकत घेताना दुकानदारास अवश्य विचारावा.