यंत्राचा जन्मक्रमांक

एका वाड्यांत एकाच आडनांवाचीं दोन बिऱ्हाडें असलीं, तर पत्र कोणाचें हें पोस्टमन दारावर थाप मारून विचारूं शकतो. संगणकांना ती सोय नाहीं. एकाच जाळ्यांतील दोन यंत्रांचा क्रमांक एक निघाला, म्हणजे एकाचा निरोप दुसऱ्याच्या पदरांत पडतो.

‘इथरनेट’ ही संगणकांची जोडणी १९७३ सालीं झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत निघाली, तेव्हां यंत्राचा क्रमांक आठ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा आठ चिन्हांचा असे. त्यांतून अवघे २५६ क्रमांक निघतात. एका इमारतीस ते पुरत. पण यंत्र दुसऱ्या जाळ्यांत नेलें, कीं तोच क्रमांक तेथें कोणाला तरी दिलेला असावयाचाच.

क्रमांक जागेचा नसावा, यंत्राचाच असावा व तो कारखान्यांतच मिळावा, असा विचार योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनीं १९८१ सालच्या निबंधांत सविस्तर मांडला. यांतले दलाल मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर. क्रमांक ४८ बिटांचा ठरला. त्यांतून २८१ लाख कोटींहून अधिक क्रमांक निघतात. परंतु खरी खुबी या आकड्यांत नाहीं. प्रत्येक यंत्राची नोंद एकाच कचेरीनें करावयाची म्हटली, तर वह्या कधींच पुऱ्या झाल्या नसत्या. म्हणून पहिले २४ बिट तेवढे मध्यवर्ती संस्थेनें कारखानदारास नेमून द्यावयाचे, आणि उरलेले २४ त्यानें आपल्या यंत्रांस क्रमानें वांटावयाचे. एका गठ्ठ्यांत १,६७,७७,२१६ क्रमांक येतात. दोन कारखानदारांनीं एकमेकांस विचारण्याचें कारणच उरत नाहीं. हें वांटपाचें काम आधीं झेरॉक्सकडे होतें. पुढें तें आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेकडे आलें.

माहिती साठविणाऱ्या डिस्कच्या ६४ बिटी ‘वर्ल्ड वाइड नेम’मध्येंही कारखानदाराचा हाच क्रमांक गुंफतात. मोठ्या साठवणघरांत शेकडों डिस्का असतात. खणावरून ओळख ठेवली आणि कोणी खण बदलला, तर भलतीच डिस्क पुसली जावयाची!

पण न बदलणारा क्रमांक केवळ वस्तूचा राहत नाहीं. ती बाळगणाऱ्या माणसाचाही होऊन बसतो. इंटेल कंपनीनें १९९९ सालीं पेंटियम थ्री या प्रोसेसरांत असा क्रमांक घातला, तेव्हां खासगीपणाच्या कैवाऱ्यांनीं मोठें काहूर उठविलें, आणि पुढच्या पिढींतून तो वगळावा लागला. मोबाइल फोनाचें तर याहून सूक्ष्म होतें. वाय-फाय शोधतांना तो आपला क्रमांक हवेंत पुकारीत जाई. तो टिपून गिऱ्हाईक कोणत्या मांडणीपुढें किती वेळ थांबलें, हें दुकानदारास कळूं शके. २०१४ सालीं अ‍ॅपलनें या शोधापुरता मनःपूत बदलणारा क्रमांक योजिला. २०१९ पासून अँड्रॉइडवरही प्रत्येक जाळ्यास निराळा क्रमांक सांगण्याची चाल पडली. क्रमांक कारखान्याचा नसून जागच्या जागीं घेतलेला आहे, हें दर्शविणारा एक बिट आयईईईच्या नियमांत आधींपासूनच राखलेला होता. तो येथें कामीं आला.

त्याच फोनांतील पंधरा आंकडी आयएमईआय क्रमांक मात्र मोबाइल कंपनीच्या मनोऱ्यास पूर्वीप्रमाणेंच कळतो. चोरीस गेलेला फोन बंद पाडतात, तो त्यावरूनच.