घोरणारे लेकरू गाढ झोपलेले नसते

मुलाची भूक, खोकला, वजन याबद्दल आई-वडील न विचारता सांगतात. झोपेबद्दल विचारले की उत्तर ठरलेले असते : "झोपेची काही तक्रार नाही साहेब, मस्त घोरते पोरगं." घोरणे म्हणजे गाढ झोप, हा समज आपल्या वऱ्हाडात फार पक्का आहे. मूल तोंड उघडे टाकून झोपते, उशी लाळेने ओली होते, सात वर्षांचे झाले तरी अंथरूण ओले करते, सकाळी उठवताना रडारड, शाळेत गुरुजींची तक्रार की एका जागी बसत नाही. या सगळ्या गोष्टी घरचे वेगवेगळ्या तक्रारी म्हणून सांगतात. पण कधीकधी त्यांचे मूळ एकच असते : रात्री मुलाला नाकाने पुरेसा श्वास घेता येत नाही.

सर्दीत चार दिवस घोरणे वेगळे. सर्दी नसताना आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री मूल घोरत असेल, मधेच श्वास थांबून दचकत असेल, मान मागे ताणून झोपत असेल, झोपेत घामाघूम होत असेल, तर त्याला तपासायला हवे. यातल्या गंभीर प्रकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. मोठ्या माणसाची झोप मोडली की तो दिवसा पेंगतो. मूल पेंगेलच असे नाही. अनेकदा ते उलट जास्तच हुंदडते. म्हणून त्याला द्वाड ठरवले जाते आणि झोपेकडे कुणाचे लक्ष जात नाही.

नाक बंद राहण्याची कारणे आपल्याकडे कमी नाहीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास रिसोडपासून कारंजापर्यंत सोयाबीनची मळणी सुरू असते, कुटाराची धूळ गावभर उडते. घरात चुलीचा धूर, डासांची कॉइल, उदबत्ती. ॲलर्जीची सर्दी असलेल्या मुलाचे नाक या दिवसांत उघडतच नाही. शिवाय नाकाच्या मागे ॲडिनॉइड नावाची गाठ असते. ती लहानपणी मोठी असते आणि पुढे आपोआप लहान होत जाते. काही मुलांमध्ये ती इतकी वाढते की हवेची वाटच अडते. मग मूल तोंडाने श्वास घेऊ लागते.

इथे दातांचा संबंध येतो. तोंडाचे छत म्हणजे टाळू, आणि तीच टाळू नाकाची जमीन असते. टाळू अरुंद आणि उंच झाली की नाकाची पोकळीही अरुंद होते. तोंड मिटलेले असताना जीभ टाळूला टेकून राहते आणि वाढत्या जबड्याला आतून आधार देते. तोंड सतत उघडे राहिले की जीभ खाली जाते, बाहेरून गालांचा दाब मात्र चालूच राहतो. अशा मुलांमध्ये वरचा जबडा चिंचोळा होऊ शकतो, दात एकमेकांवर चढतात, चेहरा लांबट दिसू लागतो. १९८१ मध्ये एगिल हारवोल्ड यांच्या अमेरिकेतील गटाने माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. वाढत्या वयाच्या माकडांची नाके बंद केल्यावर त्यांच्या जबड्याची आणि दातांची ठेवण बिघडली, तीही प्रत्येकात वेगळ्या तऱ्हेने. प्रयोग क्रूर होता, पण त्यातून दिसले की श्वास घेण्याची पद्धत बदलली तर हाडांची वाढही बदलू शकते.

मग अशा मुलाला थेट तारा लावायच्या का? नाही. आधी नाक आणि घसा. कान-नाक-घसा तज्ज्ञ तपासतील, गरज पडल्यास मानेचा आडवा एक्स-रे किंवा दुर्बिणीची तपासणी करतील. काहींना नाकातल्या फवाऱ्याने पुरते, काहींचे टॉन्सिल आणि ॲडिनॉइड काढावे लागतात. त्यातही घाई नको. अमेरिकेत ५ ते ९ वयाच्या ४६४ मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी सामान्य आली. नुसती देखरेख ठेवलेल्यांपैकीही ४६ टक्के मुलांची सामान्य आली. म्हणजे शस्त्रक्रिया उपयोगी आहेच, पण सौम्य त्रास असलेली बरीच मुले वाढीबरोबर सुधारतात. आणि शस्त्रक्रियेनंतरही काही मुले घोरत राहतात. त्यांच्या टाळूकडे जरूर पाहावे.

टाळू खरोखर अरुंद असेल तर दंतव्यंगोपचार तज्ज्ञ ती रुंद करू शकतात. टाळूच्या मध्यरेषेवर दोन हाडांचा सांधा असतो आणि लहान वयात तो पक्का जुळलेला नसतो. वरच्या दाढांना एक चौकट बसवतात, तिच्या मधोमध स्क्रू असतो. आई किंवा वडील घरीच बारीक किल्लीने तो रोज फिरवतात. एका वेळी साधारण पाव मिलिमीटर. दोन-तीन आठवड्यांत सांधा उघडतो आणि समोरच्या दोन दातांत चांगली फट पडते. ही फट पाहून घरचे घाबरतात. पण सांधा उघडल्याचीच ती खूण असते आणि पुढे ती बहुधा आपोआप मिटते. त्यानंतर चौकट काही महिने तशीच ठेवायची, म्हणजे मधल्या जागेत नवे हाड भरते. "आता दात सरळ झाले" म्हणून मधेच उपचार सोडले तर टाळू पुन्हा आखडू शकते.

इटलीतील पाओला पिरेली आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये स्लीप ॲप्निया असलेल्या ३१ मुलांवर हा उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. तासाला सरासरी बाराच्या आसपास असलेले श्वासाचे अडथळे जवळजवळ नाहीसे झाले. हा आकडा जाहिरातींत फार मिरवला जातो. पण त्या मुलांची टाळू अरुंद होती, टॉन्सिल आणि ॲडिनॉइड वाढलेले नव्हते, ती लठ्ठ नव्हती. आणि तुलनेसाठी उपचार न केलेला दुसरा गटही नव्हता. टाळू पुरेशी रुंद असलेल्या मुलाला केवळ 'पुढे स्लीप ॲप्निया होऊ नये' म्हणून हा स्क्रू बसवू नये, असे अमेरिकेतील दंतव्यंगोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट केले. माझेही मत तेच आहे. नुसते वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या तारांनी घोरणे थांबते, असे कुणी सांगितले तर पैसे भरण्याआधी दुसरा सल्ला घ्या.

वयाची गोष्ट मात्र टाळता येत नाही. हा सांधा किशोरवयात हळूहळू पक्का होतो; कुणाचा लवकर, कुणाचा उशिरा. सात ते बारा या वयात जे काम किल्लीने होते, त्यासाठी विशीत हाडात स्क्रू बसवावे लागतात किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. खेड्यात दातांची तपासणी बहुधा कीड लागून ठणका सुरू झाल्यावर होते, तोवर ही वर्षे निघून गेलेली असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. दुभंगलेली टाळू, दातांचे आजार, कानाचा संसर्ग या गोष्टी त्यांच्या यादीत आहेत. त्यात "लेकरू रोज घोरते का?" हा एक प्रश्न जोडायला खर्च काहीच नाही. पथकाने विचारला नाही, तर पालकांनी आपणहून सांगावे.

वाशीमकरांना सरकारी उपचारासाठी नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालय आहे. अडचण खर्चाइतकीच फेऱ्यांची. हंगामात एक दिवस मजुरी बुडवून एसटीने जाणे सोपे नसते, म्हणून पहिल्या भेटीतच एकूण किती फेऱ्या लागतील ते विचारा. स्क्रू फिरवायचे आठवडे उन्हाळ्याच्या सुट्टीत बसवता आले तर शाळाही बुडत नाही.

मोठ्यांचे गणित वेगळे आहे. घोरणाऱ्या काही प्रौढांना रात्री खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे साधन दंतवैद्य बनवून देतात; सौम्य ते मध्यम त्रासात त्याचा उपयोग होतो. त्रास तीव्र असेल तर सहसा हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्रच लागते. ओठांना चिकटपट्टी लावून झोपायचे व्हिडिओ हल्ली मोबाइलवर फिरतात. नाक बंद असलेल्या मुलावर तो प्रयोग अजिबात करू नका.

मोबाइलचा एक उपयोग मात्र जरूर करा. मूल गाढ झोपल्यावर, छातीवरचे पांघरूण बाजूला करून, दोन मिनिटांचे चित्रीकरण करा. चेहरा, मान आणि छाती दिसली पाहिजे, आवाज ऐकू आला पाहिजे. दवाखान्यात येताना ते घेऊन या. दिवसा खुर्चीवर बसलेल्या मुलाला पाहून आम्हाला जे कळत नाही, ते त्यात दिसते.