विश्लेषण : वाघाच्या गळ्यातील जीपीएसला उपग्रहाच्या संदेशाची सुरुवात कशी सापडते?

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला ‘सी-१’ वाघ २०१९ मध्ये पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालून डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. शेतशिवारांतून झालेला हा प्रवास समजला तो गळ्यातील रेडिओ कॉलरमुळे. वाघ गावाजवळ आहे की नाही, हे वन कर्मचाऱ्यांना वेळेत कळणे अशा नोंदींवरच अवलंबून असते.

संदेश कुठे सुरू होतो?

जीपीएस उपग्रह स्वतःची वेळ आणि कक्षा सेकंदाला ५० बिट्स, म्हणजे शून्य-एकच्या सलग धारेतून सांगतो. त्यात ना पूर्णविराम, ना परिच्छेद. म्हणून दर ३०० बिट्सच्या, म्हणजे ६ सेकंदांच्या तुकड्याच्या आरंभी एक ठरलेली खूण असते : १०००१०११. ती सापडली नाही तर पुढचे आकडे निरर्थक. कधी अख्खी धारच उलटी वाचली जाते, त्यामुळे ०१११०१०० हीसुद्धा शोधावी लागते.

एखादा बिट चुकला तर?

दाट झाडी, दरी किंवा वाघाचे स्वतःचे शरीर आड आले की सिग्नल क्षीण होतो आणि काही बिट्स चुकतात. मग आठपैकी सात जुळले तरी चालवून घ्यावे का? इथेच खरी मेख आहे. आठही बिट्स योगायोगाने जुळण्याची शक्यता २५६ मध्ये एक. एका चुकीची मुभा दिली की ती २५६ मध्ये नऊ होते. म्हणजे ३०० बिट्सच्या एका तुकड्यातच सरासरी दहा खोट्या खुणा!

त्यामुळे यंत्र एका खुणेवर विसंबत नाही. बरोबर ३०० बिट्सनंतर तीच खूण पुन्हा येते का, मधले पडताळणी बिट्स जुळतात का आणि वेळेचा आकडा एकाने वाढला का, हे ते तपासते.

दुसरा उपाय लांब खुणेचा. अंतराळयानांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात ३२ बिट्सची खूण आहे. तिथे तीन चुका माफ केल्या तरी योगायोगाने जुळण्याची शक्यता सुमारे ७.८ लाखांत एक. पण लांब खूण म्हणजे जास्त बिट्स, आणि सेकंदाला अवघे ५० बिट्स पाठवणाऱ्या जीपीएसला ती चैन परवडणारी नव्हती.

‘सी-१’ची कॉलर एप्रिल २०२० मध्ये दूरनियंत्रणाने उतरवण्यात आली.