रिकाम्या रात्रींचा पास

अमेरिकेतल्या एखाद्या कॅम्पग्राउंड रिसॉर्टमधली लाकडी केबिन लांबून पाहिली, तर ती तिथेच जन्मल्यासारखी वाटते. उतरतं छप्पर, पुढे छोटी पडवी, मागे उंच झाडं. पण पडवीखालची आडवी फळी सारून वाकून पाहिलं, की पायाच्या जागी दिसतो लोखंडी सांगाडा, आणि बहुतेकदा चाकंही!

कायद्याच्या नजरेत ते घर नाहीच, वाहन आहे. त्याला म्हणतात ‘पार्क मॉडेल’. तिथे कारखान्यात बनणाऱ्या घरांना 1976 पासून केंद्र सरकारची स्वतंत्र नियमावली लागू आहे. त्या जंजाळातून सुटायचं, तर एका सांगाड्यावर, चाकांवर बांधा आणि क्षेत्रफळ 400 चौरस फुटांच्या आत ठेवा. म्हणून पुष्कळ केबिनींचं माप 12 बाय 33 च्या आसपास असतं. गुणाकार करून पाहा: 396. आत झोपायची खोली, ओटा, फ्रिज, न्हाणीघर, सगळं. वर पाच फुटांहून कमी उंचीचा पोटमाळा काढला, तर तो क्षेत्रफळात धरत नाहीत. मुंबईत चारशे फुटांत दोन पिढ्या वाढवलेल्या माणसाला हा हिशेब कुणी शिकवायला नको. फक्त आपल्या खोलीला नोंदणीपुरती चाकं लावायचं कुणाला सुचलं नाही.

याहून मोठा चमत्कार आहे तो अशा कॅम्पग्राउंडांच्या वार्षिक पासात. ‘थाउजंड ट्रेल्स’ ही त्यातली जुनी साखळी. बोईंगमध्ये नोकरी केलेल्या मिल्टन कुओल्ट यांनी ती 1969 मध्ये सुरू केली. पहिली जागा वॉशिंग्टन राज्यात, चेहेलिसजवळ. हेच कुओल्ट पुढे 1981 मध्ये ‘होरायझन एअर’ ही विमान कंपनी काढतात. जंगलातला तंबू आणि विमान यांचा काय संबंध? पण दोन्ही धंद्यांच्या पोटात दुखणं एकच आहे. विमान उडालं की रिकामी खुर्ची गेली. सूर्य उगवला की रिकामी रात्र गेली. उरलेला माल उद्या विकू, असं तिथे म्हणताच येत नाही.

कॅम्पग्राउंडमध्ये असा माल अमाप असतो. शुक्रवार-शनिवारी गर्दी, मंगळवारी शुकशुकाट. जमीन तीच, नळाची, विजेची, सांडपाण्याची जोडणी तीच, तरणतलावही तोच. मंगळवारी एक गाडी जास्त आली म्हणून मालकाचा खर्च फारसा वाढत नाही. मग त्या रात्री एकेक करून विकण्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीलाच घाऊक विकून टाकल्या तर? सुरुवातीच्या काळात त्यासाठी हजारो डॉलरचं सभासदत्व गळ्यात मारत. पुढे ही साखळी शिकागोच्या ‘इक्विटी लाइफस्टाइल प्रॉपर्टीज’कडे गेली आणि स्वस्त वार्षिक पास आला. देशाचे पाच विभाग पाडलेले; एका विभागाचा पास अलीकडे सहा-सातशे डॉलरच्या घरात. खासगी कॅम्पग्राउंडवर रात्रीला पन्नास-साठ डॉलर सहज जातात, म्हणजे बारा-चौदा रात्रींत पैसे फिटले. नवी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं फिरतं घर, घेणाऱ्याला तर विक्रेत्यामार्फत पहिल्या वर्षाचा पास फुकटही मिळत आला आहे. सवय लागली की दुसऱ्या वर्षी पैसे आपोआप येतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

इथे एक मेख आहे, आणि पहिल्यांदा पास घेणारे नेमके तिथेच फसतात. या पासात जागा मिळते, छप्पर नाही. तुमची आरव्ही किंवा तंबू तुम्ही आणायचा. केबिन हवी तर तिचं भाडं वेगळं; पासधारकाला त्यात सूट मिळते, एवढंच. कारण उघड आहे. मोकळ्या जागेची रात्र विकायला जवळपास खर्च नाही. केबिनीत मात्र चादरी, झाडलोट, भांडी, गीझर आणि मुळात ती चाकांवरची वास्तू विकत घेण्याचा पैसा. शिवाय केबिनी मोजक्याच. घाऊक भावात विकाव्या इतक्या रिकाम्या रात्री तिथे उरतच नाहीत.

मला सगळ्यात आवडतो तो मुक्कामाचा नियम. एका जागी जास्तीत जास्त 14 रात्री राहा. मुक्काम चार रात्रींचा किंवा त्याहून कमी असेल, तर तिथून थेट त्यांच्याच पुढच्या जागी जाता येतं. त्याहून जास्त राहिलात, तर सात रात्री साखळीच्या बाहेर काढायच्या. वरवर विक्षिप्त वाटतं. पण यामुळे कुणी बस्तान बसवत नाही आणि जागा फिरती राहते. कायद्याची बाजूही आहेच: कॅलिफोर्नियात आरव्ही पार्कमध्ये सलग 30 दिवसांहून जास्त राहिलेला माणूस पाहुणा उरत नाही, भाडेकरू होतो, आणि त्याला बाहेर काढणं अवघड होतं. म्हणून चाकांवरच्या घरात राहणाऱ्यालाही हलतं ठेवावं लागतं.

साहजिकच हा पास ज्यांचं घरच चाकांवर आहे अशा निवृत्त जोडप्यांना सोन्यासारखा. मिळाली तर सुट्टी शनिवार-रविवारी, तीही तीन महिने आधी ठरवून, असं जगणाऱ्या सॅन होजेच्या आपल्या आयटीवाल्या कुटुंबाला नाही. त्यांना हव्या त्याच रात्री सगळ्यांना हव्या असतात. आपल्यातले खरे लाभार्थी म्हणजे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा: मंगळवार मोकळा, बुधवार मोकळा, योसेमिटीजवळच्या ग्रोव्हलँडला ट्युओलमी नदीकाठी बसून चहा प्यायला वेळच वेळ. फक्त त्यांना तिथवर गाडीने सोडणारा मुलगा मंगळवारी मीटिंगमध्ये असतो.